आपल्या दावणीचं शेण

आमच्या रानाला मीठ फुटलं होतं. उन्हाळ्यात बांधावर उभं राहिलं की कुणी चुना भुरभुरून गेल्यासारखी जमीन पांढरी दिसायची आणि पावसाळ्यात तीच जमीन साबणासारखी बुळबुळीत व्हायची. कुंडलपासून जवळच आमचं गाव. तिथं ओढ्याकडेला हा अर्धा एकराचा तुकडा, आजोबांच्या वतनातून राहिलेला. चारी बाजूंनी ऊस. वर्षानुवर्षं वरच्या उसांना मोकाट पाणी दिलं गेलं, ते झिरपत आमच्या सखल तुकड्यात आलं, आणि जमिनीच्या पोटातला क्षार वर घेऊन आलं. ज्यांनी हे रान वाट्यानं केलं होतं त्यांनी शेवटी निरोप धाडला, "ह्यात आता कायबी येत न्हाई. तुमचं तुमी बघा."

निरोप आला तेव्हा मी साताऱ्याला होते. आरोग्य केंद्रात नर्स म्हणून माझी बरीच नोकरी महाबळेश्वरच्या वाटेवरच्या गावांत गेली. वडील माझ्याकडेच राहायचे. त्यांना मी आबा म्हणायचे. उभी हयात त्यांनी कोयनानगरला धरणाच्या कामावर ट्रक चालवला. घाटातली वळणं त्यांना पाठ होती, पण शेतीतलं त्यांना नांगर धरण्याइतकंही ठाऊक नव्हतं. आई गेली आणि ते फार गप्प झाले. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी गॅलरीत खुर्ची. निरोपाचं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "आपण जाऊ तिकडं."

"तिकडं काय आहे आबा? नुसतं मीठ."

"मीठ असू दे. आपलं हाय."

मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. मला मूलबाळ नाही, नवऱ्याशी नातं फार पूर्वीच संपलेलं. साताऱ्यात मला बांधून ठेवील असं काही उरलं नव्हतं. बौद्धवाड्यातल्या आमच्या जुन्या घराच्या जागेवर चुलतभावानं दोन खोल्या बांधल्या होत्या, त्यातली एक त्यानं आम्हाला दिली. पुढं आम्ही रानातच पत्र्याचं घर घातलं.

मातीची तपासणी करून घेतली. कृषी खात्यातला एक तरुण मुलगा मोटरसायकलवरून आला, टाचेनं ढेकूळ दाबून म्हणाला, "आधी पाणी बाहेर काढायला पाहिजे. चर मारा ओढ्यापर्यंत. मग हिरवळीच्या खताला धैंचा पेरा, फुलाआधी मातीत गाडा. आणि शेणाचं काहीतरी भरपूर द्या. ह्या मातीत जीवच राहिलेला नाही." सगळ्यात चांगलं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "गोबरगॅसची स्लरी. कुजलेली असते, लगेच लागू पडते. निचरा झाला आणि दोन-तीन वर्षं स्लरी पडली की वरच्या अंगाला टोमॅटोसुद्धा येईल."

टोमॅटो हा शब्द आबांनी धरून ठेवला. ऊस लावायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. उसानंच रान बिघडवलं, असं त्यांचं म्हणणं. आईला टोमॅटोचं सार फार आवडायचं, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला माहीत होतं.

स्लरी कुठून आणायची हा प्रश्न मला सोपा वाटला. बांधाला बांध लागून एका निवृत्त सुभेदारांचं रान. पंचवीस-एक वर्षं पलटणीत काढून आलेला माणूस, साठी ओलांडलेला, उभं राहणं अजून सावधानमधलं. त्यांच्या गोठ्यात पाच-सहा म्हशी आणि मागं जुना गोबरगॅस. त्याच्या खड्ड्यातली स्लरी भरून ओसंडायची आणि ओढ्याला जायची. मी एकदा विचारल्याबरोबर ते म्हणाले, "न्या की सिस्टर. वायाच चाललीया. बादल्यानं न्या, टाकीनं न्या, मी पाईप टाकून देतो."

घरी येऊन मी आबांना सांगितलं. ते कोयत्याला दगडावर धार लावत होते. हात थांबला.

"नको," ते म्हणाले.

"का? फुकट देतायत. चांगला माणूस आहे."

"माणूस चांगलाच हाय. तरी नको."

मी शेतीच्या अंगानं समजावून सांगू लागले. स्लरी म्हणजे काय, तिला वास कसा येत नाही, तण कसं कमी होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कोयता खाली ठेवला आणि जे सांगितलं ते त्यांनी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं.

"मळणीला खळ्यावर बैल फिरायचं. फिरता फिरता खायचं. त्यांच्या शेणातनं ज्वारीचं दाणं पडायचं, तसंच आख्खं. आई ते शेण गोळा करायची. ओढ्यावर नेऊन पाट्यात धुवायची, दाणं येगळं करायची, उन्हात वाळवायची. त्याची भाकरी. मी खाल्लीया ती. भाकरीला वास यायचा. आई म्हणायची, नाक धर आन् खा." मग म्हणाले, "ज्या गोठ्याच्या शेणाला आई हात लावायची, तो गोठा ह्या सुभेदाराच्या बापाचाच. मी परत त्या दारात बादली घिऊन उभा ऱ्हाणार न्हाई."

नोकरीत मी कुपोषित मुलांची वजनं केली होती, आयांना आहार समजावून सांगितला होता, आणि माझ्या स्वतःच्या बापानं लहानपणी काय खाल्लं हे मला पन्नाशीत कळत होतं.

शेवटी तेच म्हणाले, "शेण आपल्या दावणीचं असंल तर दोन्ही हात घालीन. त्याचं मला काय न्हाई."

म्हणून आम्ही गाय घेतली. तांबूस रंगाची संकरित गाय, कपाळावर पांढरा डाग, बरोबर तिची वर्षाची कालवड. आमच्या घराण्यात कुणाच्या दारात स्वतःची गाय होती असं आबांना आठवत नव्हतं. रबरी कापडाचा फुग्यासारखा गोबरगॅस असतो, तो आणून खड्ड्यात बसवला. जोडणारा माणूस जाताना सांगून गेला, "रोज शेण आणि तेवढंच पाणी. एक दिवस चुकवू नका, ह्याला माणसासारखी भूक असते."

आबांनी ते मनावर घेतलं. सकाळी उठून ते पहिलं काम हेच करत. टोपलीभर शेण, बादलीत पाणी, कोपरापर्यंत हात घालून गाठी फोडायच्या, काडीकचरा वेचून टाकायचा आणि तो काला फुग्याच्या तोंडातून आत सोडायचा. फुगा हळूहळू टरारला. शेगडीवर पहिल्यांदा निळी ज्योत लागली तेव्हा त्यांनी तिच्यावर चहा ठेवला आणि उकळेपर्यंत तिथंच उभे राहिले. दुसऱ्या टोकानं पातळ, काळपट स्लरी बाहेर येऊ लागली. तिला शेणाचा वास नव्हता. ओल्या मातीसारखा, थोडा आंबूस असा काहीतरी होता. आबांनी ती बोटांत चोळून पाहिली. "गेला वास," एवढंच म्हणाले.

पहिलं वर्ष चर मारण्यात आणि धैंचा गाडण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी वरच्या अंगाला गादीवाफे केले आणि टोमॅटोची रोपं लावली. आबांना धीर नव्हता. ताजी, घट्ट स्लरी त्यांनी थेट रोपांच्या बुडाला ओतली. आठवड्याच्या आत पानांच्या कडा करपल्या, पुष्कळ रोपं माना टाकून बसली. तो कृषी खात्यातला मुलगा येऊन बघून गेला. "आजोबा, हे औषधच आहे. डोस जास्त झाला की बाधतंच." मग आम्ही स्लरी खड्ड्यात मुरू द्यायला शिकलो. पाण्यात पातळ करून, फडक्यातून गाळून, बुडापासून वीतभर लांब आळवणी करायला शिकलो. गाळून राहिलेला चोथा वाफ्यांवर पसरायचा आणि त्यावर उसाचं पाचट टाकायचं. त्या वर्षी हाताला लागले ते टोमॅटो लहान, जाड सालीचे. पण मातीत फरक दिसायला लागला होता. वरच्या वाफ्यातलं ढेकूळ हातात घेतलं की कुस्करायचं. आधी ते विटेसारखं फुटायचं.

सुभेदार बांधावर येऊन बघत असत. आबांनी त्यांची स्लरी का नाकारली हे त्यांनी कधी विचारलं नाही. मला वाटतं त्यांना समजलं असावं, कारण ते गावचेच. ते आबांना काका म्हणत. त्यांचे वडील माझ्या आजोबांना एकेरीत हाक मारत, तीही नावाला 'या' जोडून. हे आबा विसरले नव्हते. तरी दोघं बांधावर बसून बोलत. कोयनेचा पाऊस, काश्मीरचा बर्फ, भूकंपात क्वार्टरमधली भांडी कशी वाजायची ते. चहा मात्र दोघांनी एकमेकांच्या दारात घेतला नव्हता. कुणी बोलावलं नाही, कुणी गेलं नाही.

तिसऱ्या वर्षीच्या श्रावणात गाय गेली.

पाऊस लागून राहिलेला होता. पहाटे दावं तोडून ती बाहेर पडली आणि बांधाकडच्या ओल्या लसूणघासात शिरली. ओला घास जास्त खाल्ला की गुराचं पोट वायूनं फुगतं. आम्ही उठलो तेव्हा तिची डावी कूस ढोलासारखी फुगलेली होती आणि ती पाय झाडत होती. मी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. तोवर तिला तेल पाजलं, तोंडात आडवी काठी बांधली, चढाकडं तोंड करून उभं करायचा प्रयत्न केला. माणसांच्या बाबतीत अशा वेळी माझे हात आपोआप चालतात. त्या सकाळी मला ते माझे वाटेनात. ओढ्याला पाणी आल्यामुळं डॉक्टर लांबून वळसा घालून, गुडघाभर चिखलातून आले. त्यांनी शेवटचा उपाय म्हणून वायू सोडायला कुशीत सुई घातली, पण उशीर झाला होता. आबा तिच्या मानेवर हात ठेवून बसले होते. श्वास थांबल्यावरही त्यांनी तो काढला नाही.

आता हिला उचलणार कोण, हा प्रश्न डॉक्टर गेल्यावर समोर आला. हल्ली गावात जनावर मेलं की जेसीबी बोलावतात. मी फोन केला. मालक म्हणाला, "ताई, त्या रानात मशीन घातली तर मशीनच पुरावी लागंल. चार दिस उघडीप होऊ द्या." चार दिवस थांबणं शक्य नव्हतं.

आबा गोठ्याच्या मेढीला टेकून बसले. त्यांच्या मनात काय चाललं असेल हे मला ठाऊक होतं, कारण ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती. गावातली मेलेली ढोरं ओढणं हे आमच्या घराचं काम होतं. आम्ही धम्म घेतला त्या वर्षी आजोबांनी घरातली ढोरं ओढायची दोरी वाड्याच्या मधोमध आणून जाळली. आबा तेव्हा दहाएक वर्षांचे. आजोबा म्हणाले होते, ह्यापुढं ह्या घरातला माणूस मेल्या जनावराला हात लावणार न्हाई. त्याबद्दल गावानं बलुतं बंद केलं, कामावर घेणं बंद केलं, आणि कळता झाल्यावर आबा कोयनेला पळाले ते त्यामुळंच. जन्मभर त्यांनी तो शब्द पाळला. आता मेलेलं जनावर त्यांचं स्वतःचं होतं.

थोड्या वेळानं ते उठले. कोपऱ्यातलं दावं त्यांनी हातात घेतलं आणि गाठ सोडू लागले. गाठ सुटेना. त्यांनी ती दातांनी ओढून पाहिली.

"आबा, ठेवा ते. मी चुलतभावाला बोलावते."

"तो सांगलीला गेलाय. आन् त्यानं तरी का वडावी?"

तेवढ्यात बांधावरून सुभेदार आले. मागं त्यांचा मुलगा आणि भावकीतले दोघं. चौघांच्या हातात फावडी, कुदळ, आणि सुभेदारांच्या खांद्यावर जाड दोराचा सोल. रस्त्यावर डॉक्टरांची गाडी बघून त्यांना कळलं असावं. ते गाईजवळ जाऊन क्षणभर उभे राहिले. मग आबांना म्हणाले, "काका, जागा कुटली करायची?"

आबांनी खालच्या कोपऱ्याकडं हात केला, जिथं मीठ सगळ्यात जास्त होतं. म्हणाले, "मी धरतो एक बाजू."

"तुमी बसा. आमी हाय की चौघं."

"माझी गाय हाय, सुभेदार."

"व्हय. तुमचीच हाय. तुमी बसा."

त्यात आवाज चढलेला नव्हता, आर्जवही नव्हतं. आबा त्यांच्याकडं बघत राहिले, आणि मग खाली बसले. त्या चौघांनी गाईचे पाय बांधले, खाली पोती आणि जुनी ताडपत्री सरकवली आणि ओढायला लागले. मी मागून ताडपत्री उचलून धरत होते. चिखलात पाय रुतत होते. सोल सुभेदारांच्या खांद्यावर होता, वाकलेली पाठ पावसानं भिजलेली. मी एकदा मागं वळून पाहिलं. आबा उठून उभे राहिले होते आणि त्यांची नजर त्या खांद्यावर होती. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. राग तर नव्हताच. मला त्या चेहऱ्याला नाव देता येत नाही.

खड्डा खणायला दुपार झाली. पाणी लागू नये म्हणून त्याच कोपऱ्यातल्या बांधाच्या उंचवट्यावर तो घ्यावा लागला. सुभेदारांच्या मुलानं खड्ड्यात टाकायला मिठाचं पोतं आणलं होतं. तशी पद्धत आहे.

तेव्हा आबा बोलले. "मीठ नको. हितं मीठ लय हाय."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मग मुलगा जाऊन चुना घेऊन आला. गाय खाली सोडल्यावर आबांनी दोन्ही हातांनी पहिली माती टाकली आणि म्हणाले, "चांगली हुती." मी सगळ्यांना चहा विचारला. चौघांनी ओढ्यावर हात-पाय धुतले आणि आमच्या पत्र्याच्या घराच्या ओट्यावर बसून चहा घेतला. फुग्यातला गॅस शिल्लक होता, त्यावरच केला.

पुढच्या दिवसांत फुगा बसत चालला. एका कालवडीच्या शेणावर त्याचं भागेना. ज्योत लहान झाली, मग पिवळी, मग लागेनाशी झाली. टोमॅटोची रोपं वाफ्यात लागलेली होती आणि स्लरीचा खड्डा तळाला गेला होता. दुसरी गाय घ्यायला आबा तयार नव्हते. मी विषय काढला की ते उठून जायचे.

एका सकाळी सुभेदार बांधावर आले आणि म्हणाले, "काका, शेण पाठवून दिऊ का पोराबरुबर? फुगा जगंल तरी."

मी आबांकडं पाहिलं नाही. हातातलं रोप सुतळीनं काठीला बांधत राहिले.

"पाठवू नका," आबा म्हणाले. "मी येतो न्यायला."

ते हातगाडा घेऊन गेले. मी बरोबर गेले नाही. त्यांनी बोलावलं नव्हतं. परत आले तेव्हा गाड्यात दोन पाट्या शेण होतं आणि कपाळावर घाम. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, "आत बसीवलं. चहा दिला. त्यांच्या म्हातारीनं." सुभेदारांच्या आई नव्वदीच्या पुढच्या, अंथरुणाला खिळलेल्या नव्हत्या, पण डोळ्यांनी दिसत नव्हतं. "तिनं इचारलं, कोण आलंय. सुभेदारानं माझ्या बापाचं नाव सांगितलं. म्हणली, त्याचा ल्योक व्हय, बस." एवढं सांगून ते शेण कालवायला बसले. त्या दिवशी गाठी फोडताना ते नेहमीपेक्षा हळू होते.

तेव्हापासून रोज सकाळी ते गाडा घेऊन जात आणि दाराशी कधी उभे राहत नसत, सरळ गोठ्यात जात. कधी सुभेदारांच्या गोठ्यातलं दूध घेऊन येत, कधी इकडून काहीतरी नेत. पण जुन्या दिवसांविषयी दोघांत काही बोलणं झालं असं मला वाटत नाही. मी एकदा आबांना विचारलं, मनातलं ते गेलं का? ते म्हणाले, "ते कशाला जाईल? ते हाय तितंच हाय. पर गडी चांगला हाय."

त्या हिवाळ्यात वरचे वाफे टोमॅटोनं भरले. काठ्यांना, तारांना घोस लटकले. आबा पहाटेचं दव सुकल्यावर तोडायला बसत. पिकलेलं फळ देठाला चिमटा देऊन हलकेच काढायचं हे त्यांना जमायला लागलं होतं. पाचट बाजूला केलं की खाली गांडुळं दिसत. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा त्यांनी मला हाक मारून बोलावलं, आणि आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. आईच्या स्मृतिदिनाला मी टोमॅटोचं सार केलं. आबांनी दोन वाट्या घेतल्या.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला ते गेले. आजारी असे नव्हते. दुपारचे झोपले ते उठले नाहीत. वंदना झाली, गाव आलं. सुभेदारांनी खांदा दिला. मी नर्स आहे, मरण पुष्कळ पाहिलं आहे, तरी कितीतरी दिवस मला सकाळी शेण कालवायचा आवाज ऐकू यायचा.

मी साताऱ्याला परत गेले नाही. कालवड व्यायली, तिच्यापाठी पाडी आहे. शेण थोडं आमच्या दावणीचं, थोडं सुभेदारांकडचं. आता त्यांचा मुलगाच गाडा आणून लावतो. खालचा पट्टा अजून उन्हाळ्यात पांढरा दिसतो. तिथं यंदाही धैंचाच पेरला आहे, टोमॅटोचं धाडस केलेलं नाही. वरच्या वाफ्यांत परवा रोपं लावली. आळवणीची स्लरी गाळून ठेवली आहे. पाऊस उघडला की उद्या सकाळी घालीन.